अंदमानातलं हंगामी फील्डवर्क : नोकरीचं पत्र हातात, पण बेटावर जायचं कसं?

दिवाळी आटोपली की वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. "अंदमानची जाहिरात आलीय, भरू का?" जरूर भरा. पण भरण्याआधी एवढं वाचा. माझ्या पाहण्यात ज्यांचे अर्ज बाद झाले, त्यांतले फार थोडे अभ्यासात कच्चे होते. बाकीचे एखाद्या दाखल्यावर, एखाद्या तारखेवर अडकले. काहींची तर निवड झाली, रुजूही झाले आणि अख्खा जानेवारी खोलीत बसून पावसाची आकडेवारी भरत राहिले, कारण बेटावर उतरायच्या परवान्यात त्यांचं नावच नव्हतं.

आधी हंगामाचं गणित समजून घ्या, कारण सगळी घाई त्याच्यामुळे आहे. अंदमानात मे महिन्यात नैऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो. तो सरतो न सरतो तोच ईशान्येचा पाऊस येतो आणि डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. समुद्र शांत आणि जंगल चालण्याजोगं असे महिने उरतात जानेवारी ते एप्रिल. लहान बेटांवर डोंगी लावायची, मोजणीसाठी जंगलाचे ठरावीक तुकडे म्हणजे प्लॉट आखायचे, प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजायचा, रोपं मोजायची, हे सगळं या चार महिन्यांत. त्यातला एक महिना कागदांनी खाल्ला तर पाव हंगाम गेला.

काम मात्र करण्यासारखं आहे. ब्रिटिशांनी आणून सोडलेल्या चितळांना तिथे खाणारं कुणी नाही. ते खालची रोपं फस्त करतात आणि मोठ्या झाडांखाली पुढची पिढीच दिसत नाही. 'इंटरव्ह्यू' नावाच्या बेटावर लाकूडतोडीच्या कंपनीने धंदा गुंडाळताना हत्ती मागे सोडले, त्यांच्या वंशजांनी तिथल्या जंगलाचं रूप बदललं. २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानची किनारपट्टी वर उचलली गेली, भरतीचं पाणी पोचेना आणि कांदळवन उभ्याउभ्या वाळलं. निकोबारात उलट झालं, जमीन खचली आणि कांदळवन खाऱ्या पाण्यात बुडून मेलं. अशा ठिकाणी तेच प्लॉट वर्षानुवर्षं मोजायला माणसं लागतात. ती माणसं म्हणजे जाहिरातीतले 'प्रोजेक्ट असिस्टंट', 'फील्ड असिस्टंट' किंवा 'जेआरएफ' (ज्युनिअर रिसर्च फेलो).

पात्रतेत फार गूढ नाही. फील्ड असिस्टंटला बहुधा बी.एस्सी. चालते, जेआरएफला एम.एस्सी. आणि नेट किंवा गेट लागते. केंद्राच्या दराने जेआरएफचं मानधन १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडं आहे. गेटचा स्कोअर तीन वर्षंच चालतो, तेव्हा जुनं कार्ड लावण्याआधी त्यावरची तारीख बघा. मुंबई-पुण्याच्या मुलांना आणखी एक अडचण येते. गुणपत्रिकेवर सीजीपीए असतो आणि जाहिरात टक्के मागते. स्वतः नऊने की दहाने गुणून टक्के लिहू नका. विद्यापीठाच्या सूत्राचं पत्र किंवा गुणपत्रिकेच्या मागे छापलेला तक्ता जोडा. छाननी करणारा माणूस तुमच्यासाठी कॅल्क्युलेटर उघडत नाही.

आता खरी अडचण.

पहिलं म्हणजे जाहिरात कुणाची आहे ते बघा. दोन प्रकारच्या जाहिराती एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकामागून एक येतात आणि मुलं दोन्हीकडे भरत सुटतात. अंदमान-निकोबार प्रशासनाच्या स्वतःच्या भरतीत, वनखात्याच्या पदांसकट, बऱ्याचदा स्थानिक असल्याचा दाखला, म्हणजे आयलंडर ओळखपत्र, किंवा तिथल्या रोजगार केंद्रातली नोंदणी मागतात. सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या मुलाकडे हे असणं शक्यच नाही आणि ते मिळवायची कुठली पळवाटही नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या किंवा दीर्घकाळ राहणाऱ्यांसाठी ते आहे, आणि ते बरोबरच आहे. आपल्यासाठी आहेत त्या संस्थांच्या प्रकल्पांतल्या जागा : भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं तिथलं प्रादेशिक केंद्र, भारतीय प्राणी सर्वेक्षण, डेहराडूनची वन्यजीव संस्था, पाँडिचेरी विद्यापीठाचा तिथला विभाग, आणि बेटांवर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था. जाहिरातीच्या पात्रतेच्या रकान्यात 'लोकल' हा शब्द दिसला तर अर्जाचे पैसे वाचवा.

दुसरं, मुदत. इथे दरवर्षी कुणीतरी फसतं आणि दरवर्षी मला तितकाच राग येतो. केंद्र सरकारच्या बऱ्याच जाहिरातींच्या तळाशी एक जुनं वाक्य असतं : आसाम, मेघालय, लडाख, लाहौल-स्पिती, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप इथल्या उमेदवारांसाठी शेवटची तारीख आठवडाभर पुढे. आपली मुलं 'अंदमान' वाचतात आणि समजतात, जागा अंदमानातली आहे तर मुदतही वाढीव. नाही! ती सवलत तिथून अर्ज पाठवणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही कोल्हापुरातून पाठवताय. तुमची तारीख वरची, पहिली. शिवाय 'शेवटची तारीख' म्हणजे अर्ज तिथे पोचायची तारीख, स्पीड पोस्टात टाकायची नव्हे. महाराष्ट्रातून बेटावर टपाल किती दिवसांत जाईल, याचा भरवसा पोस्टमास्तरही देत नाही. हार्ड कॉपी मागितली असेल तर दहा दिवस आधी टाका. वयाची अट कुठल्या तारखेला मोजायची, हेही जाहिरातीत लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी जेआरएफला २८ ची मर्यादा असते. चार दिवसांनी वय उलटून गेलेले दोघे मी पाहिलेत.

तिसरं, जातीचा दाखला. संस्था केंद्राची असेल तर राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. सेतूत गेलात की समोरचा माणूस सवयीने राज्याचा नमुना काढून देतो. 'सेंट्रल' असं तीनदा सांगा आणि दाखला हातात पडल्यावर तिथेच उभं राहून वाचा. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, तेही आधी पाहा. राज्यातले सगळे प्रवर्ग तिकडे त्याच नावाने नसतात. भटके-विमुक्त, एसबीसी असे रकाने केंद्राच्या अर्जात सापडणारच नाहीत. एसईबीसीचा दाखलाही तिथे उपयोगाचा नाही. ज्यांची जात केंद्राच्या कुठल्याच राखीव यादीत नाही, त्यांनी ईडब्ल्यूएसच्या अटी बसतात का ते पाहावं. ईडब्ल्यूएसचा दाखला आर्थिक वर्षापुरता असतो. मार्चमध्ये काढलेला दाखला मेच्या मुलाखतीला दाखवून उपयोग नाही.

नावाचा घोळ तर अस्सल मराठी. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर उलटं. पदवीवर आईचंही नाव. त्यात मुलीचं लग्न झालेलं असेल तर चौथंच नाव. अर्ज भरताना हे सगळं कसंबसं खपतं, पण पुढे परवाना, जहाजाचं तिकीट आणि ओळखपत्र एकमेकांशी ताडून पाहिली जातात. माझ्या पहिल्या हंगामात परवान्यावर एक क्रम, तिकिटावर दुसरा, अशाने माझे तीन आठवडे गेले. ज्या कार्यालयाने परवाना टाइप केला होता त्यांनी, "दुरुस्तीसाठी नव्याने अर्ज करा" एवढं म्हणून फाईल बंद केली. तेव्हा एकच नाव, एकच क्रम ठरवा, आधारवर असलेला, आणि सगळीकडे तोच लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जवळ ठेवा. जाता जाता : सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालं. जाहिरातींत दोन्ही नावं सापडतील, शहर एकच आहे.

अनुभवाचं पत्र हा असा कागद की अनुभव असूनही तो कुणाकडे नसतो. गाईडबरोबर सह्याद्रीत दोन पावसाळे प्लॉट टाकलेत, हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) केलंय, पण लेखी काही नाही. लेटरहेडवर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि नेमकं काय काम केलं, एवढं असलेलं पत्र आजच मागून ठेवा. गाईड निवृत्त झाल्यावर लेटरहेडही निवृत्त होतं. 'कर्तव्यदक्ष व मेहनती' असली विशेषणं छाननीत मोजली जात नाहीत, महिने मोजले जातात. एम.एस्सी.चं डिझर्टेशन अनुभवात धरायचं की नाही, हे संस्थेगणिक बदलतं. विचारून घ्या. पोहता येत असेल तर तेही लिहा. बेटावर डोंगीतून कमरेएवढ्या पाण्यात उतरावं लागतं.

समजा हे सगळं पार पडलं आणि निवडीचं पत्र आलं. गावात पेढे वाटून झाले. इथून पुढचं मात्र जाहिरातीत कुठेही लिहिलेलं नसतं.

भारतीय नागरिकाला अंदमानात जायला कसलाही परवाना लागत नाही, हे खरं. म्हणून मुलं निर्धास्त असतात. पण तुमचे प्लॉट शहरात नाहीत. ते असतात राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात, आणि तिथे संशोधनासाठी शिरायला १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या कलम २८ खाली परवाना लागतो. वंडूरचं सागरी उद्यान असो की सॅडल पीक, नियम तोच. तो अर्ज तुम्ही करायचा नसतो, प्रकल्पप्रमुख करतात. पण परवान्यात संशोधक आणि मदतनीसांची नावं असतात. तुम्ही नंतर रुजू झालात तर तुमचं नाव त्यात घालून घ्यावं लागतं आणि त्या एका ओळीसाठी फाईल पुन्हा सगळ्या टेबलांवरून फिरते. एक ओळ, पण टेबलं तितकीच.

उद्यानात शिरण्याची परवानगी म्हणजे पान तोडण्याची परवानगी नव्हे, हेही लक्षात घ्या. हर्बेरियमसाठी फांदी कापायची असेल, बी गोळा करायचं असेल, तर परवान्यात तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. शिवाय कायद्याच्या परिशिष्टात काही वनस्पतींना खास संरक्षण आहे, त्यांच्यासाठी वेगळी परवानगी. "एक पान तर घेतलं" हे उत्तर जेटीवर चालत नाही.

निकोबार, किंवा अंदमानातलाही आदिवासी राखीव भाग असेल तर प्रकरण आणखी वेगळं. तिथे १९५६ चा आदिम जमाती संरक्षण विनियम लागू होतो आणि प्रशासनाचा पास लागतो. तो कडक आहे. तसा असलाच पाहिजे, या बाबतीत मी कार्यालयांच्या बाजूने आहे. बाहेरून आलेल्या साध्या सर्दी-गोवरानेही तिथली माणसं दगावू शकतात. म्हणून ओळखीने, बोटवाल्याला पैसे देऊन असले सल्ले कुणी दिले तर कानाआड करा. तो गुन्हा आहे आणि त्यात तुमच्यासोबत अख्खा प्रकल्प बुडतो.

परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांसाठी दोन शब्द. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड, हातात असलं की भारतात सगळं मोकळं, असा समज आहे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआयधारकाला संशोधनासाठी आणि प्रतिबंधित क्षेत्रात जाण्यासाठी विशेष परवानगी लागते. आणि जो भारताचा नागरिक नाही, त्याला संशोधनासाठी जैविक नमुने घ्यायला २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी हवी. सुट्टीत आजीकडे येऊन जानेवारीत तीन आठवडे स्वयंसेवा करायची असेल, तर ही तयारी आदल्या उन्हाळ्यात सुरू करा.

लक्षद्वीपच्या जागा कमी निघतात, पण तिथला नियम अंदमानच्या उलटा आहे. तिथे भारतीयालाही प्रवेशाचा परवाना लागतो आणि त्यासाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला. इथे लोक पासपोर्ट कार्यालयाचं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) काढून बसतात. ते परदेशी जाणाऱ्यांसाठी असतं. तुम्हाला हवा तो स्थानिक पोलिसांचा. ठाण्यातला हवालदार "कुठल्या देशात चाललात?" विचारेल. "लक्षद्वीप, आपल्याच देशात" असं शांतपणे सांगायचं.

बाकीचं किरकोळ. वैद्यकीय दाखला सरकारी डॉक्टरचा घ्या, खासगी दवाखान्याचा परत येतो. मुलाखतीला जाण्या-येण्याचा खर्च बहुधा मिळत नाही, म्हणून 'वॉक-इन' लिहिलं असलं तरी ऑनलाइन मुलाखत घ्याल का, असं विचारून बघा. लाजू नका, बरेच जण हो म्हणतात. चेन्नई किंवा कोलकात्याहून जहाजाने तीन-चार दिवस लागतात. विमान महाग, पण रुजू होण्याची तारीख जवळ असेल तर जहाजाच्या भरवशावर राहू नका.

आणि निवडीचं पत्र आल्या दिवशीच प्रकल्पप्रमुखांना मेल टाका. तीनच प्रश्न विचारा : कलम २८ चा परवाना कोणत्या तारखेपर्यंत आहे, त्यात माझं नाव घातलंय का, आणि नमुने गोळा करायची मुभा त्यात लिहिली आहे का. पहिल्याचं उत्तर मार्च असं आलं, तर नूतनीकरणाचा अर्ज गेला आहे का, हा चौथा प्रश्न विचारायला विसरू नका.