थॉथ टॅरो : नाव क्राउलीचं, कुंचला हॅरिसबाईंचा

आत्मपरीक्षणासाठी टॅरो, म्हणजे भविष्य पाहायलाही वापरतात ते चित्रांचे पत्ते, वापरणाऱ्यांत थॉथ नावाच्या कॅटचा वेगळाच दबदबा आहे. थॉथ हा इजिप्तचा विद्येचा देव, त्यामुळे पिरॅमिडच्या काळचं काहीतरी हाती लागलं असं वाटतं. तसं काही नाही. टॅरो जन्मला पंधराव्या शतकात, उत्तर इटलीत, आणि तोही खेळायला. एकूण पानं ७८. त्यांतली चित्रांची २२ पानं हुकमाच्या कामी यायची. 'मृत्यू' पडला की हात मारला जायचा, एवढंच.

इजिप्तचं पिल्लू सोडलं ते १७८१ साली, कूर द जेब्लँ या फ्रेंच पंडिताने. तिथली चित्रलिपी वाचू शकणारा एकही माणूस तेव्हा युरोपात नव्हता; शांपोल्याँने ती उलगडली १८२२ मध्ये. पण तोवर कल्पना रुजली होती. पुढे एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढविद्येच्या अभ्यासकाने २२ पानांना २२ हिब्रू अक्षरं जोडली. १८८८ साली लंडनमध्ये निघालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने ज्योतिष, कबाला (ज्यूंची गूढविद्या) आणि टॅरो यांचं एकच भलंमोठं कोष्टक मांडलं. अलिस्टर क्राउली हा इंग्रज गूढवादी याच मंडळात तयार झाला.

१९३८ मध्ये त्याने आणि चित्रकार फ्रीडा हॅरिस यांनी नवा कॅट हाती घेतला. सहा महिन्यांत उरकेल म्हणून धरलेलं काम पाच वर्षं चाललं. ब्रिटिश खासदाराच्या पत्नी असलेल्या हॅरिसबाई तेव्हा साठीच्या पुढे होत्या. ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रुडॉल्फ स्टायनरच्या अनुयायांकडून त्या प्रक्षेपी भूमिती (प्रोजेक्टिव्ह जॉमेट्री) शिकल्या. पानांवर एकमेकांत वळणाऱ्या रेषांची जाळी दिसते ती त्यातूनच आली. क्राउलीने जुनी नावंही बदलली. 'न्याय'चं 'समायोजन' झालं, 'बळ'चं 'वासना'. साध्या पानांवरही एकेक शब्द आहे : तलवारीची तिर्री 'दुःख', पेल्यांची अठ्ठी 'आळस', चकत्यांची सत्ती 'अपयश'. माझ्या मते आत्मपरीक्षणाला हा कॅट मानवतो तो या शब्दांमुळे. समोर 'आळस' पडला की प्रवासाचा योग वगैरे सांगून सुटका होत नाही.

१९४४ मध्ये या कॅटवरचा क्राउलीचा ग्रंथ निघाला, अवघ्या २०० प्रती. १९४७ साली तो वारला. नवऱ्याच्या निधनानंतर हॅरिसबाई भारतात आल्या आणि १९६२ मध्ये श्रीनगरला वारल्या. पत्त्यांचा छापील कॅट आला १९६९ मध्ये. दोघांपैकी कुणालाच तो पाहायला मिळाला नाही.

त्या सुमारास पाश्चात्त्य तरुणाईत मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या आदिबंधांची, म्हणजे सगळ्यांच्या मनात खोल रुजलेल्या प्रतिमांची, चर्चा जोरात होती. 'माझं काय होणार?' या जुन्या प्रश्नाच्या जोडीला 'मी असा का वागतो?' हा प्रश्न आला आणि थॉथला नवा वाचकवर्ग मिळाला. मूळ चित्रं आज लंडनच्या वॉरबर्ग इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. कॅट मात्र अजूनही क्राउलीच्याच नावाने खपतो, आणि हा हॅरिसबाईंवर सरळसरळ अन्याय आहे.