बांधावरची राखण: नवी मुंबईच्या धारण तलावांची पार्श्वभूमी

पावसाळ्यात वाशी, नेरूळ, बेलापूरकडची माणसे दोन गोष्टी एकत्र बघतात: आज पाऊस किती आणि भरती किती वाजता. अमावास्या-पौर्णिमेला आमच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास होते. उधाण मोठे असेल तर पाणी साडेचार मीटरच्या वर चढते. नेमका तेव्हाच पाऊस कोसळला तर नाल्यांतले पाणी खाडीत उतरत नाही, कारण त्या वेळी खाडी उंच असते आणि शहर खाली. ते पाणी चार-पाच तास थोपवून धरायला खाडीच्या कडेने धारण तलाव खोदलेले आहेत. लोक त्यांना होल्डिंग पॉन्ड म्हणतात. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये उभा असतो मातीचा बांध. त्यावर सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते, पण आपण धरणावरून चालतो आहोत हे फार थोड्यांच्या मनात येते.

धरण हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. नेहमीच्या धरणात पाणी एकाच बाजूने रेटते. इथे भरतीला खाडी बाहेरून रेटते, आणि ओहोटीला पावसाने भरलेला तलाव आतून. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. ओल्या मातीला असलेला पाण्याचा आधार झपाट्याने उतरला की तिचा उतार घसरायला बघतो, आणि या बांधावर ते वर्षाचे बारा महिने चालू असते. उंचीने लहान असला तरी त्याचे काम सोपे नाही.

या प्रकारचा बांध शहराच्या आधीपासूनचा आहे. इथली आगरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या खाजणातल्याच, म्हणजे भरतीखाली येणाऱ्या दलदलीतल्याच, चिकण चिखलाचे गठ्ठे कापून ओहोटीच्या मोजक्या तासांत बांध घालत आली. खारे पाणी बाहेर अडवायचे, दोन-तीन पावसाळे गोड्या पाण्याने मीठ धुवून काढायचे, मग भात लावायचे. अशा जमिनीला खार म्हणतात. आतले पावसाचे पाणी बाहेर सोडायला बांधात ठेवलेले दार म्हणजे उघाडी. ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने ती उघडते आणि भरतीला बाहेरच्या जोराने मिटते. त्या खारांत राता म्हणजे लाल भात पिकायचा, सुगीनंतर डबक्यांत जिताडा मासा सापडायचा. पेशवाईत खार बांधणाऱ्याला कौल, म्हणजे सरकारी करारपत्र, मिळे, सुरुवातीची वर्षे साऱ्यात सूट असे. ठाणे-कुलाब्याकडे अशा खार बांधणाऱ्यांना शिलोत्री म्हणत, आणि बाहेरच्या बांधाच्या डागडुजीसाठी कुळांकडून भाताचा वेगळा वाटा घेतला जाई. म्हणजे बांधाच्या देखभालीचा खर्च पिकातच धरलेला होता. ही व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. राबायचे कुळांनी आणि पीक न्यायचे खोताने, याच्याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप झाला आणि तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला.

कुळकायदा आला, जमीन कसणाऱ्याची झाली, ते व्हायलाच हवे होते. पण बाहेरच्या बांधाची जबाबदारी एकट्यादुकट्याची राहिली नाही. बांधाला खांड, म्हणजे भगदाड, एकाच्या शेतासमोर पडते आणि खारे पाणी पन्नास जणांच्या शेतात शिरते. त्यासाठी १९४८ मध्ये मुंबई प्रांताचा खारजमिनींचा कायदा झाला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारजमिनी विकास अधिनियम. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, तिथून खारे पाणी सोसणारी भाताची वाणे निघाली.

माझे आजोबा अशाच एका बांधावर राखणीला जात. उधाणाच्या रात्री कंदील घेऊन एक फेरी, भरती उतरताना दुसरी. बांधाचा माथा ते भरभर चालत, पण उघाडीपाशी थांबत आणि तिच्या दोन्ही कुशींना हात लावून बघत. कुठे पाझर दिसला की तो ओंजळीत घेऊन कंदिलासमोर धरत. खाडीचे पाणी मुळात गढूळ, पण बांधातून झिरपताना ते गाळले जाते. ओंजळीतले पाणी नितळ असेल तर बांध धड आहे, गढूळ असेल तर आत वाट मोकळी झाली आहे आणि माती वाहू लागली आहे. मग ते घरी परतत नसत, आरोळी देऊन माणसे जमवत.

उघाडीची कूसच का, याचे उत्तर पानशेतने साऱ्या महाराष्ट्राला दिले. १२ जुलै १९६१ ला ते मातीचे धरण पहिल्यांदाच भरत असताना फुटले, मागोमाग खडकवासल्याचे दगडी धरण गेले आणि पुणे बुडाले. पाणी सोडण्याच्या नळावरची भरावाची माती खचत गेली होती, जवानांनी माथ्यावर पोती रचून रात्र काढली होती. मातीच्या भरावातून नळ, भिंत, दगडकाम असे काही कठीण आरपार गेले की दोहोंच्या सांध्यात पाणी आपली वाट शोधते. माती बसते, काँक्रीट बसत नाही, मध्ये फट राहते. ५१ मीटरचे धरण असो की पुरुषभर उंचीचा बांध, हे दुखणे दोघांनाही सारखेच होते.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० ला झाली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली, त्यात खारजमीन आणि मिठागरे भरपूर. सगळी जमीन उधाणाच्या वर येईल इतका भराव घालायचा तर खर्च आवाक्याबाहेर. म्हणून नेदरलँड्सच्या धर्तीवर भराव कमी ठेवून धारण तलाव, बांध आणि एकेरी झडपा अशी योजना झाली. झडप म्हणजे वरून बिजागरीवर टांगलेले दार. बघितले की ओळख पटते, ती उघाडीच आहे, फक्त लोखंडाची. तत्त्व तेच राहिले, पण राखण शेतातून निघाली आणि फाइलीत गेली.

पुढचे दुखणे झडपेपासूनच सुरू होते. पाते नीट मिटले नाही तर प्रत्येक भरती आत येते आणि सोबत गाळ आणते. गाळ साठला की तलाव उथळ होतो आणि त्यावर तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, रुजतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरतोडीला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात तिवरांचे संरक्षण पक्के केले. तो निकाल मला मान्य आहे, खाडी तिवरांमुळेच जिवंत आहे. पण त्यामुळे तलावातला गाळ काढणे न्यायालयाच्या परवानगीचा विषय झाला. वेळीच झडप दुरुस्त झाली असती तर तिथे तिवरे उगवलीच नसती.

दरम्यान मोठ्या धरणांची तपासणी रुळली. नाशिकला धरण सुरक्षितता संघटना उभी राहिली, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणीची पद्धत पडली. तरी २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातल्या तिवरे नावाच्या गावचे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर खेकड्यांनी धरण पोखरले अशी चर्चा खूप झाली. खाडीच्या बांधात खेकड्याचे बीळ ही खरी अडचण आहे, पण रोज बघणारा माणूस असेल तर ते एका टोपलीभर चिखलाने बुजते. धरण सुरक्षा अधिनियम ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू व्हायचा तर लांबी, साठा, पूरविसर्ग, पाया किंवा रचना यांपैकी एखादी अट लागते. १० मीटरखालचे बांध त्यात नाहीत. आमच्या धारण तलावाचा बांध त्या मोजपट्टीच्या तळाशीही पोचत नाही, आणि त्याच्या मागे मात्र आख्खे सेक्टर वसलेले आहेत.

अशा बांधाला महागडी उपकरणे लागत नाहीत. माथ्यावर काही पक्क्या खुणा, दरवर्षी त्यांची पातळी मोजून किती खचले याची नोंद. पाझर गोळा करणारी छोटी चर आणि तिच्या तोंडाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेली पट्टी, म्हणजे पाणी किती येते ते सेंटिमीटरमध्ये वाचता येते. लांबीच्या दिशेने गेलेली भेग, पायथ्याशी उन्हाळ्यातही हिरवा राहणारा गवताचा पट्टा, उंदरा-खेकड्यांची बिळे, खोल मुळांची झाडे, यांवर नजर. आणि झडप, ओहोटीच्या तळाला जाऊन उघडीवाघडी बघितलेली.

गेल्या पावसाळ्यात मी ज्या बांधावर चालायला जातो तिथल्या झडपेच्या ओठात एक गादीचा तुकडा आणि नारळ अडकलेला दिसला. भरती लागली तसे पाते मिटेना, खाली वीतभर फट राहिली. बाजूच्या काँक्रीटच्या भिंतीला लागून बोटाएवढी धार आत येत होती. मी फोटोसह कळवले, दोनदा कळवले. नारळ आणि गादी तिसऱ्या आठवड्यात निघाली, धारेकडे कुणी पाहिले नाही. तेव्हापासून दर उधाणाला मी ती धार पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरतो, झाकणावर तारीख लिहितो आणि गॅलरीत ओळीने ठेवतो. पहिल्या चार बाटल्या नितळ आहेत. पाचवीच्या तळाशी नखभर राखी गाळ बसला आहे. तिचा फोटोही पाठवला आहे. येत्या अमावास्येची भरती दुपारी साडेबाराची आहे, सहावी बाटली तेव्हा भरेन.