स्टॉक कार शर्यत, अमेरिकेतील

दुकानात विक्रीसाठी ठेवलेल्या मालाला इंग्रजीत ‘स्टॉक’ म्हणतात. विक्रेत्याकडे उभी असलेली, कोणीही पैसे मोजून घरी न्यावी अशी मोटार तशीच्या तशी शर्यतीत उतरवली, की ती स्टॉक कार. उघड्या चाकांच्या, मुद्दाम बांधलेल्या एकआसनी गाड्यांच्या शर्यतींहून हा प्रकार याच कारणाने वेगळा पडला. नॉर्थ कॅरोलायना, साउथ कॅरोलायना, जॉर्जिया, व्हर्जिनिया आणि फ्लॉरिडा या आग्नेयेकडच्या राज्यांत तो रुजला. तिथल्या शेतकऱ्याला, गिरणी कामगाराला समोर धावणारी गाडी आपल्या अंगणातल्या गाडीसारखीच दिसत होती. आज ‘स्टॉक’ हे नुसते नाव उरले आहे. गाडीचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो, उघडणारी दारे नसतात, चालक खिडकीतून आत शिरतो आणि पुढचे दिवे म्हणजे नुसते चिकटवलेले चित्र असते.

या खेळाचा इतिहास निकालाच्या वहीत जितका आहे तितकाच तो पाहणाऱ्यांच्या आठवणीत आहे. दोन्हींचा मेळ अनेकदा बसत नाही. पुढील नोंदीत अशा जागांकडे अधिक लक्ष दिले आहे.

हातभट्टीचा वारसा. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. अ‍ॅपलाचियन डोंगरांतले शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून मक्याची दारू गाळत होते. बंदी उठली तरी कर चुकवून दारू गाळणे बेकायदाच राहिले, आणि ती रात्री शहरात पोचवणाऱ्या तरुणांचा धंदा चालूच राहिला. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन दिले. ही गाडी बाहेरून साधी दिसे आणि आत तिला पाहिजे तसे सुधारता येई. मागे दारूचे ओझे भरल्यावर गाडी खाली बसू नये म्हणून मागचे कमानपाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, कडक केले जात. रिकामी गाडी त्यामुळे मागून उचललेली दिसे, आणि महसूल खात्याचे अधिकारी तेवढ्यावरूनही ती ओळखत. नॉर्थ कॅरोलायनातली विल्क्स काउंटी आणि जॉर्जियातले डॉसनव्हिल ही या धंद्याची दोन मोठी ठाणी होती.

अशा चालकांनी आपसात लावलेल्या पैजांतूनच हा सगळा खेळ निघाला असे सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही. जत्रेच्या मैदानांवरच्या मोटार शर्यती आणि फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरचे वेगाचे विक्रम यांचाही त्यात वाटा आहे. तरीही पहिल्या पिढीचे कौशल्य आणि पैसा बऱ्याच अंशी हातभट्टीतून आला, हे नाकारता येत नाही. अटलांटाचा रेमंड पार्क्स या धंद्यात कमावलेला पैसा शर्यतीच्या गाड्यांत घाली. त्याच्या गाड्यांची इंजिने रेड व्होग्ट हा मेकॅनिक तयार करी. पार्क्सचा नातलग लॉइड सी याने १ सप्टेंबर १९४१ रोजी अटलांटातल्या लेकवूड ट्रॅकवर शर्यत जिंकली. दुसऱ्याच दिवशी, हातभट्टीसाठी घेतलेल्या साखरेच्या हिशेबावरून झालेल्या भांडणात, त्याच्या चुलत भावाने त्याला गोळी घातली. तो २१ वर्षांचा होता. डॉसनव्हिलमध्ये त्याच्या थडग्याच्या दगडावर फोर्ड गाडी कोरलेली आहे आणि तिच्या खिडकीत त्याचा फोटो बसवला आहे.

डेटोनाची वाळू. फ्लॉरिडातील डेटोना बीचची वाळू ओहोटीच्या वेळी घट्ट आणि सपाट होते. माल्कम कॅम्बेल यांनी १९३५ साली तिथे ताशी २७६ मैलांचा, म्हणजे सुमारे ४४५ किमीचा, वेग गाठला. पुढे वेगाचे विक्रम करणारे यूटामधल्या मिठाच्या पठाराकडे वळले आणि डेटोना शहराला पाहुणे आणणारे काहीतरी हवे होते. १९३६ साली शहराने निम्मी वाळूवर आणि निम्मी डांबरी रस्त्यावर अशी स्टॉक कार शर्यत भरवली. वळणांवर वाळू उकरली जाऊन गाड्या रुतल्या आणि शहराला तोटा झाला. त्या शर्यतीत पाचवा आलेला बिल फ्रान्स हा वॉशिंग्टनहून येऊन स्थायिक झालेला मेकॅनिक होता. पुढे शर्यती भरवण्याचे काम त्याने हाती घेतले. भरती येण्याआधी शर्यत उरकावी लागे आणि फुकटे प्रेक्षक टेकड्यांवरून आत घुसत. त्यांना अडवायला फ्रान्सने ‘सापांपासून सावध’ अशा पाट्या लावल्या होत्या, ही आठवण तिथले लोक आजही सांगतात.

त्या काळी आयोजकाने बक्षिसाचे पैसे घेऊन पसार व्हावे, प्रत्येक गावाचे नियम निराळे असावेत, असा कारभार होता. १४ डिसेंबर १९४७ रोजी फ्रान्सने डेटोनाच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात चालक, मालक आणि आयोजकांची बैठक बोलावली. तिच्यातून नॅशनल असोसिएशन फॉर स्टॉक कार ऑटो रेसिंग, म्हणजेच नॅसकार, ही संस्था उभी राहिली. नाव रेड व्होग्टने सुचवले असे मानतात. फेब्रुवारी १९४८ मध्ये तिची रीतसर नोंदणी झाली. तिच्या पहिल्या हंगामाचा विजेता रेड बायरन हा दुसऱ्या महायुद्धात पाय जायबंदी झालेला वैमानिक दलातला माणूस होता; क्लचच्या पेडलला डावा पाय धरून राहील अशी सोय करून घेऊन तो गाडी चालवी.

निवाड्याचे टेबल. खरोखर दुकानातल्याच गाड्यांची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे मातीच्या ट्रॅकवर झाली. पहिला आला ग्लेन डनअवे. तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या कमानपाट्यांत पाचर ठोकलेली निघाली, म्हणजे नेमकी हातभट्टीवाल्यांची युक्ती. त्याला बाद करून कॅन्ससच्या जिम रोपरला विजयी ठरवण्यात आले. रोपर लिंकन गाडी चालवत होता. डनअवेच्या गाडीच्या मालकाने १०,००० डॉलरचा दावा लावला आणि तो हरला. नियम कोण करणार, हा प्रश्न त्या निकालाने कायमचा मिटला, म्हणून रोपरच्या विजयापेक्षा डनअवेची हार अधिक महत्त्वाची मानावी लागते.

पुढच्याच वर्षी साउथ कॅरोलायनात हॅरल्ड ब्रेझिंग्टनने शेतजमिनीवर डार्लिंग्टनचा डांबरी ट्रॅक बांधला. जमीन देणाऱ्याने आपले मासळीचे तळे बुजवू दिले नाही, म्हणून ट्रॅकचे एक टोक अरुंद झाले आणि आकार अंड्यासारखा आला. ४ सप्टेंबर १९५० रोजी तिथे ५०० मैलांची पहिली शर्यत झाली. ७५ गाड्या सुटल्या. वेगवान चालकांचे टायर एकामागून एक फुटत गेले आणि ट्रकचे टणक टायर बसवलेली जॉनी मॅन्ट्झची हळू प्लिमथ सहा तासांहून अधिक वेळाने पहिली आली. भिंतीला घासून गाडीच्या उजव्या कुशीवर उठणाऱ्या पट्ट्याला चालक अजून ‘डार्लिंग्टन स्ट्राइप’ म्हणतात.

१९५९ साली फ्रान्सने वाळू सोडली आणि अडीच मैलांचा डेटोना इंटरनॅशनल स्पीडवे उघडला. त्याची वळणे ३१ अंशांनी आत कललेली आहेत. एवढ्या उतारावर पायी चढतानाही दम लागतो, पण वेगातली गाडी त्याच उतारामुळे बाहेर फेकली न जाता वळते. भरावाची माती ट्रॅकच्या मधोमध खणली आणि त्या खड्ड्याचे तळे झाले. तिथल्या ५०० मैलांच्या पहिल्या डेटोना ५०० शर्यतीत ली पेटी आणि जॉनी बोशाम यांच्या गाड्या जवळजवळ एकाच वेळी रेषेवर आल्या. फ्रान्सने बोशामला विजयी म्हटले. मग छायाचित्रे आणि बातमीपटाची फीत मागवली गेली आणि ६१ तासांनी विजय पेटीच्या नावावर लागला. ते तीन दिवस देशभरच्या वर्तमानपत्रांत हीच चर्चा होती. नव्या ट्रॅकला याहून मोठी जाहिरात मिळाली नसती.

वेंडल स्कॉट. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा वेंडल स्कॉट हा कृष्णवर्णीय चालक. टॅक्सी चालवून, हातभट्टीची ने-आण करून तो गाडी चालवायला शिकला. जुन्या गाड्या स्वतः दुरुस्त करून, मुलांना मदतनीस म्हणून घेऊन तो शर्यतीला जाई. दक्षिणेतल्या गावांत त्याला अनेक ठिकाणी राहायला जागा मिळत नसे. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या मातीच्या ट्रॅकवर तो सर्वांत आधी ठरलेले अंतर पार करून गेला, पण शर्यत संपल्याची खूण असलेला चौकड्यांचा झेंडा त्याच्यासाठी हललाच नाही. विजयी म्हणून बक बेकरचे नाव पुकारले गेले आणि करंडकही त्यालाच दिला गेला. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, फेऱ्या मोजण्यात चूक झाल्याचे मान्य करून विजय स्कॉटच्या नावावर लिहिला गेला. विजेत्याने सुंदरीचे चुंबन घ्यायची प्रथा होती, आणि गोऱ्या मुलीशेजारी कृष्णवर्णीय विजेता उभा राहिलेला लोकांसमोर नको होता, अशी स्कॉटची शेवटपर्यंत खात्री होती. वहीत त्याचे नाव त्याच दिवशी आले, टाळ्या मात्र कधीच आल्या नाहीत. तो १९९० मध्ये वारला. त्या विजयाचा करंडक नॅसकारने त्याच्या कुटुंबाला २०२१ मध्ये दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बबा वॉलेसने अलाबामातल्या टॅलाडेगा येथे शर्यत जिंकली. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत कृष्णवर्णीय चालकाचा हा दुसराच विजय. मधे जवळजवळ ५८ वर्षे गेली. प्रेक्षकांत सर्रास फडकणाऱ्या कॉन्फेडरेट झेंड्यावर, म्हणजे गुलामगिरी राखण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या झेंड्यावर, नॅसकारने बंदी घातली ती जून २०२० मध्ये, फार उशिरा.

वारा आणि वेग. विल्क्स काउंटीच्या ज्युनियर जॉन्सनला १९५६ साली वडिलांच्या भट्टीवर पकडले होते आणि त्याने ११ महिने तुरुंगात काढले. १९६० च्या डेटोना ५०० मध्ये त्याची शेव्हरलेट इतरांपेक्षा हळू होती. सरावात त्याच्या ध्यानात आले की वेगवान गाडीच्या अगदी पाठीला चिकटून राहिले तर समोरचा वारा लागत नाही आणि हळू गाडीही खेचल्यासारखी पळते. त्याने ती शर्यत जिंकली. ‘ड्राफ्टिंग’ या नावाने हे तंत्र आज मोठ्या ट्रॅकवरच्या प्रत्येक डावपेचाच्या मुळाशी आहे. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जॉन्सनला माफी दिली.

डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांचे सूत्र होते: रविवारी जिंका, सोमवारी विका. शर्यतीत उतरवायची गाडी ठरावीक संख्येने गिऱ्हाइकांनाही विकावी लागे. म्हणून १९६९ आणि १९७० मध्ये उंच शेपटीची डॉज चार्जर डेटोना आणि प्लिमथ सुपरबर्ड चक्क विक्रेत्यांच्या दारात उभ्या राहिल्या. मार्च १९७० मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बडी बेकरने चार्जर डेटोनातून ताशी २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२२ किमीची, मर्यादा ओलांडली. नियम बदलले आणि १९७१ नंतर या गाड्या शर्यतीतून गेल्या. दुकान आणि शर्यत यांचे खरे नाते तिथेच तुटले असे म्हणता येईल.

या काळाचा राजा रिचर्ड पेटी, ली पेटीचा मुलगा. निळी गाडी, ४३ हा आकडा. १९६७ च्या एका हंगामात २७ विजय, त्यांपैकी १० सलग. एकूण २०० विजय आणि ७ अजिंक्यपदे. शेवटचा विजय ४ जुलै १९८४ रोजी डेटोनाला, रेगन यांच्या उपस्थितीत. दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्यावर १९७१ पासून विन्स्टन या सिगारेटचे नाव मालिकेला लागले ते २००३ पर्यंत टिकले. त्या पैशाने ट्रॅक रंगले, बक्षिसे वाढली आणि लहान गावांतल्या कितीतरी शर्यती वेळापत्रकातून कापल्या गेल्या.

१८ फेब्रुवारी १९७९ ही तारीख चाहत्यांना पाठ असते. सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीने डेटोना ५०० प्रथमच सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली आणि हिमवादळामुळे पूर्वेकडची माणसे घरातच अडकली होती. शेवटच्या फेरीत पहिल्या दोन जागांवरचे डॉनी अ‍ॅलिसन आणि केल यारबरो एकमेकांवर आदळून गवतात गेले. मागून येणारा पेटी जिंकला. कॅमेरा पुन्हा गवताकडे वळला तेव्हा यारबरो आणि डॉनीच्या मदतीला थांबलेला भाऊ बॉबी अ‍ॅलिसन हाणामारी करत होते. या खेळाची पहिली आठवण विचारली तर एका अख्ख्या पिढीला निकालाआधी ती मारामारी आठवते.

मृत्यूनंतरचे नियम. बहुतेक सुरक्षा-नियम कोणाच्या तरी मृत्यूनंतर आले, हे या खेळाबद्दल स्पष्ट सांगायला हवे. फायरबॉल रॉबर्ट्स मे १९६४ मध्ये शार्लट येथे पेटलेल्या गाडीत भाजला आणि जुलैत वारला. न फुटणाऱ्या रबरी इंधनपिशव्या आणि आग-रोधक कपडे यांचा आग्रह त्यानंतर वाढला. मे २००० मध्ये रिचर्ड पेटीचा नातू अ‍ॅडम सराव करताना अपघातात मरण पावला. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत ७ वेळा अजिंक्य ठरलेला डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळला आणि कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने मरण पावला. पाहणाऱ्यांना ती टक्कर किरकोळ वाटली होती. त्याच वर्षी मान सावरणारे पट्टे सक्तीचे झाले. पुढच्या वर्षापासून काँक्रीटच्या भिंतींपुढे, नेब्रास्का विद्यापीठात विकसित केलेला, धक्का शोषणारा पोलाद आणि फोमचा अडसर बसू लागला. त्यानंतर नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेच्या शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही. २००१ च्या हंगामात, अर्नहार्टच्या आठवणीत, प्रत्येक शर्यतीच्या तिसऱ्या फेरीत प्रेक्षक उभे राहून तीन बोटे वर धरत आणि दूरचित्रवाणीवरचे समालोचकही गप्प राहत. अर्नहार्टच्या काळ्या गाडीवर ३ हा आकडा होता.

आठवणींची ठिकाणे. शार्लटचे नॅसकार हॉल ऑफ फेम २०१० मध्ये उघडले. तिथे ज्युनियर जॉन्सनने स्वतः जोडलेली दारूची भट्टी मांडलेली आहे. डार्लिंग्टनला २०१५ पासून एका शर्यतीत संघ आपल्या गाड्या जुन्या काळच्या रंगांत रंगवून आणतात. व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलला विजेत्याला १९६४ पासून करंडकाऐवजी माणसाहून उंच लोलकाचे घड्याळ मिळते. ते गाव लाकडी सामानासाठी प्रसिद्ध होते.

यांत नॉर्थ विल्क्सबरोचा मान वेगळा. विल्क्स काउंटीतला हा ट्रॅक १९४७ साली उघडला. जागा सपाट करायला पैसे पुरले नाहीत, म्हणून पुढची सरळ बाजू उतरती आणि मागची चढती राहिली. सप्टेंबर १९९६ नंतर मोठ्या शर्यती इथून काढून घेतल्या गेल्या. बाकांतून झाडे उगवली, पत्रे गंजले. २०१९ च्या डिसेंबरात डेल अर्नहार्ट ज्युनियर आणि काही जणांनी तण उपटून ट्रॅक झाडून काढला. संगणकावरच्या शर्यतीसाठी त्याची मापे घेऊन निदान तिथे तरी तो जिवंत राहावा, एवढाच हेतू होता. पण लोकांची ओढ पाहून पैसा उभा राहिला आणि मे २०२३ मध्ये नॅसकारची ऑल-स्टार, म्हणजे निवडक चालकांची, शर्यत तिथे भरली. दुरुस्ती करताना जुने, पुसट झालेले विन्स्टनचे फलक मुद्दाम तसेच ठेवले. मागची बाजूही चढतीच ठेवली आहे.