गवत खाणारे सगळेच गरीब नसतात

शाकाहारी प्राणी एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, त्यामुळे प्राणिसंग्रहालयात ते खुशाल एकत्र सोडावेत, हा समज चुकीचा आहे. झेब्र्याचा नरच घ्या. हरणाचं नुकतं जन्मलेलं पाडस तो कधीकधी दातांत धरून आपटतो, लाथांनी मारूनही टाकतो. म्हणून जाणते लोक कुंपणात फक्त पिल्लाला निसटता येईल एवढी फट ठेवतात आणि विणीच्या दिवसांत झेब्रा वेगळा काढतात. भांडण निदान डोळ्यांना दिसतं. रोग दिसत नाही. विल्डबीस्ट या आफ्रिकेतल्या गवत खाणाऱ्या मोठ्या प्राण्याच्या अंगात एक विषाणू असतो. विल्डबीस्टला स्वतःला काही होत नाही, पण तोच विषाणू गायीबैलांना किंवा काही जातींच्या हरणांना लागला, तर ती बहुधा वाचत नाहीत. एकत्र ठेवता येतं, जरूर येतं. पण आधी हे तपासून, आणि चारा एकाच जागी न घालता.