बोलता बोलता झोपणारी हॅरिएट

तराजूतलं दोन पौंडांचं वजन म्हणजे किलोला थोडं कमीच. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये बकटाऊन नावाच्या खेड्यात, १८३५ च्या आसपास, एका मुकादमाने दुकानातलं असं वजन उचलून पळणाऱ्या गुलामावर भिरकावलं. ते लागलं मध्ये उभ्या असलेल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्याला. मुलीचं नाव अरामिंटा, घरच्यांची मिंटी. पुढे जगाने तिला हॅरिएट टबमन म्हणून ओळखलं.

तिला उचलून मालकाच्या घरी नेलं. निजवायला खाट नव्हती, म्हणून कापड विणायच्या मागाच्या बाकड्यावर ठेवलं. तो दिवस आणि दुसरा दिवस ती तिथेच पडून होती. मग पुन्हा शेतावर! रक्त आणि घाम डोळ्यांत उतरून पुढचं दिसत नव्हतं, असं तिने म्हातारपणी सांगितलंय. केसांना कधी फणी लागली नव्हती, त्यांचं टोपलं झालं होतं, त्यानेच जीव वाचला असावा, असंही ती म्हणायची. मालकाने तिला विकायला काढलं, पण अशा पोरीला गिऱ्हाईक मिळेना.

डोकेदुखी जन्माची मागे लागली. शिवाय बोलता बोलता मान खाली पडायची, काही मिनिटं गाढ झोप, आणि जाग आली की वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे सुरू. कधी लख्ख उजेड दिसे, गाणं किंवा किंकाळ्या ऐकू येत, आपण उडतोय असं वाटे. ती देवभोळी होती. हे सगळं तिच्या लेखी देवाचं बोलणं होतं.

मेंदू मऊ असतो आणि कवटीत पाण्यावर तरंगत असतो. कवटीची वरची बाजू आतून बरीच गुळगुळीत, पण कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा तळ खडबडीत, धारदार कंगोऱ्यांचा. जोराचा मार बसला की मेंदू हलतो आणि नेमका तिथे खरचटतो. म्हणून घाव कुठेही बसो, कानशिलामागच्या भागाला इजा होण्याचा संभव मोठा. जखम भरते, वण राहतो. वणाभोवतीच्या पेशींची जोडणी बदलते आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्या अचानक एकदम पेटू लागतात. हाच अपस्मार. त्यात हातपाय झाडलेच पाहिजेत असं नाही. कानशिलाच्या भागातली फिट कधी नुसता वास असते, कधी अकारण भीती, कधी सूर, कधी शून्यात लागलेली नजर. हॅरिएटच्या काही चरित्रकारांनी हेच निदान मांडलंय.

मला ते पूर्ण पटत नाही. अशा फिटनंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला असतो, आपण काय बोलत होतो ते त्याला सहसा आठवत नाही. हॅरिएटला धागा सापडायचा. हे लक्षण झोपेच्या विकाराकडे बोट दाखवतं. आपल्याला जागं ठेवणारं ओरेक्सिन नावाचं रसायन १९९८ साली सापडलं. ते मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमधल्या मूठभर पेशी तयार करतात. डोक्याला मोठा मार लागलेल्यांमध्ये ते कमी झालेलं आढळलंय. ते फारच कमी पडलं तर दिवसाढवळ्या झोप कोसळते, आणि स्वप्नं जागेपणात घुसतात. आवाज आणि उजेड त्यातूनही येऊ शकतात. दोन्ही विकार एकत्र असणंही अशक्य नाही. माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी प्रसिद्ध केला १९२९ साली, आणि हॅरिएट गेली १९१३ मध्ये. तिचा आलेख कधी निघालाच नाही, म्हणून हा वाद मिटायचा नाही.

‘लहान वयात मेंदू सावरतो’ असं आपण सहज म्हणतो. मेंदूच्या अभ्यासक मार्गारेट केनर्ड यांनी १९३० च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांवरून ही समजूत रूढ झाली. ती अर्धीच खरी आहे. तान्ह्या बाळाच्या मेंदूचा एखादा ठरावीक भाग गेला तर भाषेसारखं काम दुसरी बाजू उचलू शकते. सगळा मेंदू हादरला असेल तर मात्र कोवळं वय उलट जास्त नडतं. हॅरिएटचा मेंदू काही नव्यासारखा झाला नाही.

ती झोप बरोबर घेऊनच १८४९ साली ती एकटी पळाली आणि गुलामगिरी नसलेल्या उत्तरेत, फिलाडेल्फियाला पोचली. मग मेरीलँडला सुमारे १३ खेपा करून जवळपास ७० माणसं सोडवून आणली. हिवाळा निवडायची, कारण रात्री मोठ्या. निघायचं शनिवारी, म्हणजे ‘गुलाम पळाला’ ही जाहिरात सोमवारपर्यंत छापली जात नसे. वाटेत तिला झोप लागली की सोबतची माणसं ती उठेपर्यंत थांबायची. मागावर बंदुका आणि कुत्रे, आणि वाट माहीत असलेली एकुलती एक बाई निजलेली! ‘जिद्दीने आजारावर मात’ हे पालुपद मला म्हणूनच खटकतं. मात कुठे झाली? आजार शेवटपर्यंत होता, आणि त्यासाठी थांबणारे लोक होते. १८६३ साली, अमेरिकेच्या यादवी युद्धात, दक्षिणेतल्या कंबाही नदीवरच्या लष्करी मोहिमेत तिने वाट दाखवली आणि सातशेवर गुलाम सुटले. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, त्यांच्याच लढ्यातली ही गोष्ट.

आपल्याकडे फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, त्याने काही होत नाही. कुशीवर वळवावं, तोंडात काही कोंबू नये, पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना गाठावा. पण त्याआधी सोबतच्यांना ठाऊक तर हवं! वारंवार फिट येणाऱ्याला लग्नाला अपात्र ठरवणारी हिंदू विवाह कायद्यातली अट १९९९ साली गेली, तरी स्थळं बघताना गोळ्या अजून कपाटात दडवल्या जातात.

सत्तरी ओलांडल्यावर, १८९० च्या दशकाच्या अखेरीस, डोकेदुखी असह्य झाली म्हणून हॅरिएटने बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया करून घेतली. भूल नको म्हणाली, युद्धातले सैनिक करत तशी दातांत गोळी धरली. कवटी कापून वर उचलली, आता बरं वाटतं, असं नंतर सांगायची. न्यू यॉर्क राज्यातल्या ऑबर्नला तिचं घर होतं, नातेवाइकांनी आणि निराधारांनी भरलेलं. नात्यातल्या एका मुलीने मोठेपणी आठवण लिहून ठेवली आहे: हॅरिएट आजी एकदा उंच गवतात पोटावर पडून सापासारखी सरपटत आली, आणि हसून म्हणाली, पहारेकऱ्यांच्या पुढून मी अशीच जायचे.

१९१४ साली ऑबर्नने तिच्या नावाची पाटी बसवली. कृष्णवर्णीयांचे नामवंत पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन भाषणाला आले होते. पाटीवर सोडवलेल्यांचा आकडा तीनशेच्या वर आहे, तो इतिहासकारांनी नंतर खाली आणला. झोपेचा उल्लेख पाटीवर नाही, आणि तिच्यासाठी थांबलेल्यांचाही नाही.