वसंतातील पक्षिनिरीक्षण (सोलापूर शहर)

माघ सरता सरता सुरू होऊन चैत्राअखेरपर्यंत चालणारा, सोलापुरातील बागा व तलावांच्या काठी पक्षी, फुलोरा आणि नवी पालवी पाहत हिंडण्याचा परिपाठ. सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ल्यालगतची हुतात्मा बाग, विजापूर रस्त्यावरील धर्मवीर संभाजी तलाव (लोकांच्या तोंडी कंबर तलाव) व सिद्धेश्वर वनविहार ही त्याची मुख्य ठिकाणे होत.

वसंत कोणत्या महिन्यांचा, याविषयी एकवाक्यता नाही. रूढ गणनेत तो चैत्र-वैशाखाचा. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात ऋतूंच्या दोन मांडण्या येतात: पहिली रूढ गणनेशी जुळते, वात-पित्त-कफ या दोषांच्या संचय-प्रकोपाशी (साठण्या-बळावण्याशी) निगडित असलेल्या दुसरीत वसंत फाल्गुन-चैत्राचा असून वैशाख ग्रीष्मात मोडतो. वसंतपंचमी तर माघातच येते. संपातचलनामुळे (विषुवबिंदू ताऱ्यांच्या तुलनेत हळूहळू सरकत असल्याने) ऋतू निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या, महिन्यांच्या तुलनेत अलीकडे सरकत आले, असा खुलासा काही जण करतात. परंतु सुश्रुतातील दुसरी मांडणी वैद्यकाच्या सोयीची असल्याने तिला तो लावणे अवघड दिसते. सोलापुरापुरती फाल्गुन-चैत्राची मांडणीच ग्राह्य वाटते. पळस, पांगारा आणि काटेसावर फाल्गुनाच्या सुमारास फुललेले असतात, पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने हाताशी येतात. वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे गेला की सकाळी नवानंतर पाखरांची हालचाल मंदावते.

या दिवसांत तांबट पक्ष्याची ठोक्यासारखी ‘टुक्-टुक्’ दुपारीही थांबत नाही. आवाज काढताना त्याची चोच मिटलेली असते, फक्त गळ्याची कातडी फुगते. शिवाय तो मान फिरवत राहिल्याने आवाज नेमका कुठून येतो हे उमगत नाही. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या झळाळत्या पिसाऱ्यात असतो. कोकीळ, दयाळ व बुलबुल सर्वपरिचित आहेत.

भोरड्यांविषयी (पळसमैना) मतभेद आहे. पूर्व युरोप व मध्य आशियातील गवताळ प्रदेशांत विणारे हे गुलाबी-काळे पक्षी पावसाळ्यापासून भारतात येऊ लागतात आणि एप्रिलच्या सुमारास परततात. रब्बीचा जोंधळा दाण्यावर आला की त्यांचे थवे उतरतात, म्हणून शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर राखण करतो. पक्षी टोळ व नाकतोडे खातात म्हणून ते पिकाला उपकारकच, असे अभ्यासक म्हणतात. विणीच्या प्रदेशांबाबत हे निर्विवाद आहे. जोंधळ्याच्या शिवारात मात्र शेतकऱ्याची तक्रार गैरलागू म्हणता येत नाही. सुगी उरकल्यावर थवे पळस-पांगाऱ्याच्या मधाकडे वळतात आणि कपाळ परागांनी माखून घेतात. परागीभवनाला त्याची मदत होते. संध्याकाळी रातथाऱ्यावर (रात्रीच्या मुक्कामाच्या जागी) उतरण्यापूर्वीच्या त्यांच्या घिरट्या शहराच्या आकाशातही दिसतात.

सिद्धेश्वर तलावाचे श्रेय परंपरेने बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांकडे जाते. शेजारचा किल्ला सामान्यतः बहमनी काळातला, बहुधा चौदाव्या शतकातला मानतात. पाणपक्ष्यांपैकी वंचक, पाणकावळा व टिबुकली नित्याचे आहेत. कंबर तलावावर जलपर्णी माजली की उघडे पाणी आक्रसते व बुडी मारणाऱ्या पक्ष्यांना जागा उरत नाही. तरंगत्या पानांवर चालणाऱ्या कमळपक्ष्याची मात्र फारशी अडचण होत नाही.

मराठी पक्षिनामे संकलित करणारे मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) सोलापूरचेच. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर व पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, यांदरम्यान राज्यात पक्षी सप्ताह पाळतात. तो अर्थातच वसंतात येत नाही. माळरानावरील पक्ष्यांसाठी पहा: नान्नज, माळढोक अभयारण्य.