दांव्हिलचा 1752 चा नकाशा आणि नागपूरकरांची वाट

ओरिसाच्या पश्चिमेला, आज जिथे छत्तीसगड आहे तिथे, 1752 च्या एका फ्रेंच नकाशात जवळपास काहीच दाखवलेलं नाही. मोकळ्या जागेत एक वाक्य तेवढं कोरलंय. त्याचा आशय असा, की हा मोठा मुलूख आहे आणि त्याची नेमकी माहिती उपलब्ध नाही. नकाशाचं नाव 'कार्त द लँद', म्हणजे हिंदुस्थानचा नकाशा. तो फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीसाठी तयार झाला आणि करणारा होता ज्याँ-बाप्तिस्त बूर्गिन्यों दांव्हिल. जुने नकाशे जमवणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असतं. नकाशाची ती मोकळी जागा मात्र नागपूर-वऱ्हाडच्या वाचकाने जरा थांबून पाहावी अशी आहे.

दांव्हिल 1697 मध्ये पॅरिसला एका शिंप्याच्या घरी जन्मला. प्राचीन ग्रीसचा त्याचा पहिला नकाशा आला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. पुढे विशीतच 'राजाचा भूगोलकार' ही पदवी मिळाली. धाकटा भाऊ ग्राव्हलो चित्रकार आणि खोदकाम करणारा होता. दांव्हिलच्या काही नकाशांच्या कोपऱ्यांतली नक्षीदार शीर्षकचित्रं त्याचीच. खुद्द दांव्हिलने हिंदुस्थान, चीन, आफ्रिका यांतलं काहीच पाहिलं नव्हतं. पॅरिसच्या परिसराबाहेर तो जन्मभर फारसा पडलाच नाही. जगभरातून मिळतील ते नकाशे, प्रवासवर्णनं, जहाजांच्या नोंदी गोळा करायच्या, त्या एकमेकांशी ताडून पाहायच्या आणि जे टिकेल तेवढंच कागदावर आणायचं, अशी त्याची रीत. हा नकाशांचा संग्रह वाढत वाढत दहा हजारांच्या घरात गेला. 1779 मध्ये तो राजाने विकत घेतला आणि आता तो फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

त्याच्या आधीचे नकाशाकार माहिती नसलेल्या जागी डोंगर, हत्ती, ऐकीव राज्यं भरून टाकत. कोरा कागद गिऱ्हाइकाला आवडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दांव्हिलने ती सगळी भरती काढून टाकली. 1749 च्या त्याच्या आफ्रिकेच्या नकाशात खंडाचा अंतर्भाग बराचसा पांढराच आहे. चीनच्या बाबतीत त्याला हे करावं लागलं नव्हतं, कारण कांगशी बादशहाच्या हुकमाने जेझुइट पाद्र्यांनी 1708 पासून दहा वर्षं देशभर मोजणी केली होती आणि दांव्हिलचा 1737 चा चीनचा नकाशासंग्रह त्याच मोजणीवर उभा होता.

हिंदुस्थानात अशी देशव्यापी मोजणी झालेलीच नव्हती. किनारे खलाशांमुळे बरेचसे ठाऊक होते. दक्षिणेसाठी फादर बूशे या पाद्र्याचा नकाशा होता. उत्तरेसाठी मोठा आधार मिळाला तो फादर बूदिए यांच्या नोंदींचा. सवाई जयसिंगाने बोलावल्यामुळे 1734 मध्ये ते बंगालमधल्या चंद्रनगरहून जयपूरला निघाले आणि वाटेतल्या गावांचे अक्षांश-रेखांश टिपत गेले. रेखांश काढायचा तर ग्रहणं किंवा गुरूच्या उपग्रहांचं झाकणं पाहावं लागे, त्यामुळे अशा ठिकाणांची संख्या थोडीच. उरलेलं सगळं कोसांवर. आणि कोस म्हणजे कुठे दीड मैल, कुठे दोन-अडीच मैल! प्रवासी 'अमुक इतके कोस' लिहून मोकळा होई, तो कोस कुठला हे दांव्हिलला पॅरिसमध्ये बसून ठरवावं लागे. कुठलं अंतर का धरलं, कुणाचं म्हणणं का सोडलं, याचा हिशेब त्याने 1753 मध्ये स्वतंत्र पुस्तक छापून दिला. मला तर हे पुस्तक नकाशाइतकंच मोलाचं वाटतं. काही वर्षांतच ते इंग्रजीतही आलं. शत्रूचा नकाशा कुणाला नको असतो?

कंपनीला नकाशा हवा होता त्याला तसंच कारण होतं. 1742 पासून पाँडिचेरीला डुप्ले गव्हर्नर होता आणि व्यापारी कंपनी राजकारणात उतरली होती. त्याचा सरदार बुसी 1751 मध्ये निजामाच्या फौजेबरोबर औरंगाबादेपर्यंत आला. त्याच वर्षाच्या अखेरीस कुकडी नदीकाठी, चंद्रग्रहणाच्या रात्री, त्याने नानासाहेब पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला. पाद्री ज्या ग्रहणांवरून रेखांश काढत, तसलंच एक ग्रहण बुसीने असं वापरलं. आतापर्यंत किनाऱ्यावरच्या वखारींपुरती नजर ठेवून चालत होतं. आता देशाच्या आत कुठून कुठे किती मजला होतात, हे कळणं भाग होतं.

आणि नेमक्या याच बाबतीत तो मोकळा भाग बोलका आहे. ज्या मुलखाची नेमकी माहिती नाही असं पॅरिसमध्ये कोरलं जात होतं, त्याच्यातून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा दहा वर्षं ये-जा करत होत्या. 1741 च्या सुमारास त्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर याने छत्तीसगडातलं रतनपूरचं राज्य नमवलं आणि 1742 मध्ये तो बंगालवर उतरला. हुगळी मराठ्यांच्या हातात गेली. कलकत्त्याच्या इंग्रजांनी घाबरून खंदक खणायला घेतला, तो 'मराठा डिच'. हुगळीपासून जवळच फ्रेंचांचं चंद्रनगर होतं. पश्चिमेच्या जंगलातून हे घोडेस्वार बाहेर पडतात हे तिथल्या वखारवाल्यांना समोर दिसत होतं, ते कुठल्या घाटाने येतात हे मात्र ठाऊक नव्हतं. 1751 मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने तह केला, ओरिसा व्यवहारात रघूजी भोसल्यांकडे गेला आणि बंगालची चौथाई वर्षाला बारा लाख ठरली. म्हणजे नकाशा छापून आला तेव्हा ती मोकळी जागा नागपूर ते कटक या राज्याचा मधला पट्टा बनली होती.

दांव्हिलला दोष द्यायचं कारण नाही. मिळालं नाही ते त्याने लिहिलं नाही. पण 'माहिती नाही' हे त्याचं वाक्य पॅरिसपर्यंत पोचलेल्या कागदांपुरतं खरं होतं. वाटा, पाणवठे, घाट यांचं ज्ञान हरकाऱ्यांकडे, बंजाऱ्यांकडे, फौजेच्या वाटाड्यांकडे होतं. मोडीतले मराठी नकाशे दप्तरांत सापडतात, पण ते आपल्या कामापुरते. अक्षांश-रेखांशाच्या चौकटीत बसवून ते छापावेत अशी गरज कुणाला नव्हती, आणि परक्याच्या हाती तर ते मुळीच द्यायचे नव्हते.

फ्रेंच कंपनीला या नकाशाचा उपयोग फार काळ झाला नाही. 1754 मध्ये डुप्लेला परत बोलावलं गेलं. 16 जानेवारी 1761 ला पाँडिचेरी पडलं, पानिपतानंतर दोनच दिवसांनी. नकाशा मात्र इंग्रजांच्या कामी आला. इंग्रज नकाशाकार जेम्स रेनेलने 1782 मध्ये हिंदुस्थानचा आपला नकाशा काढला, त्याच वर्षी दांव्हिल वारला. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर त्याने देशाचा आतला भाग इतका बरा कसा मांडला याचं नवल रेनेलने लिहून ठेवलंय, आणि दख्खनसाठी त्याला बुसीच्या कूचांच्या नोंदीही उपयोगी पडल्या.

मधली जागा तरीही हळूहळूच भरली. 1766 मध्ये टॉमस मॉट हा इंग्रज हिऱ्यांच्या शोधात कटकवरून संबळपूरला गेला. 1795 मध्ये कॅप्टन ब्लंट चुनारहून निघून रतनपूरमार्गे गोदावरीच्या खालच्या खोऱ्याकडे उतरला. वाटेतला छत्तीसगड तेव्हा भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि रतनपूरला त्यांचा सुभेदार बसत असे.